अपहरणाच्या सिनेमात हसायचं कुणावर?

वेताळ
सूचना: रहस्यभेद आहे. सिनेमा पाहायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

'फार्गो' (१९९६) म्हणजे काळ्या विनोदाचा कळस, असं सगळेच म्हणतात. माझी तक्रार त्यातल्या बायकोबद्दल आहे. गाड्या विकणारा जेरी पैशाच्या लफड्यात अडकतो आणि स्वतःच्याच बायकोला पळवायची सुपारी देतो. जीन तिचं नाव. गुंड घरात शिरतात तेव्हा ती न्हाणीघराच्या पडद्यात गुरफटून जिन्यावरून गडगडत येते. सगळे हसतात. पुढे डोक्यावर फडकं ओढलेलं असताना ती बर्फात आंधळेपणाने धावत सुटते. पुन्हा हशा. मग ती मरते, तेसुद्धा पडद्याबाहेर. अपहरणावर विनोद करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ओलीस धरलेलं माणूस सामानासारखं इकडून तिकडे हलवायचं आणि त्याला तिरकस नजर म्हणायचं, हा निव्वळ आळस आहे.

चौथी भिंत
असहमत. तिला सामान समजतो तो जेरी. गुंडांना तो खंडणीचा आकडा सांगतो ८० हजार डॉलर, सासऱ्याला सांगतो १० लाख. मधले सगळे याच्या घशात. सासरा तरी काय, ५ लाखांत भागतंय का बघू म्हणतो. लेकीच्या जिवाची घासाघीस! हसू येतं ते या हिशेबाचं. सासऱ्याचा सल्लागार मुलाची चौकशी करतो तो प्रसंग आठवा. आई पळवली गेलेला एक पोरगा घरात आहे, हे जेरीला तेव्हा कुठे सुचतं. (तो चेहरा विल्यम मेसीनेच करावा.) जीनला रडण्याचे चार प्रसंग दिले असते तर आपण तिच्यासाठी हळहळून मोकळे झालो असतो आणि जेरी सुटला असता.

वेताळ
जिन्यावरून ती पडते तेव्हा जेरी घरातही नसतो. त्या हशाचा हिशेबाशी संबंध काय?

उंबरठा
'रूथलेस पीपल' (१९८६) बघा. बायकोला पळवली म्हणून नवरा खूश, कारण त्याला तिचा काटाच काढायचा होता. तो पैसे देत नाही, पळवणारे रक्कम उतरवत जातात, आणि आपला भाव पडतोय हे कळल्यावर ही बया खवळते! तळघरात व्यायाम करून बारीक होते आणि शेवटी पळवणाऱ्यांनाच सामील होते. बेट मिडलरने धमाल केलीय. ओलीस बाईला माणूस ठेवूनही हसवता येतं.

चौथी भिंत
येतं, पण काय गमावून? तिथलं पळवणारं जोडपं इतकं गरीब गाय आहे की तिच्या जिवाची काळजी वाटतच नाही. थ्रिलर संपला तिथेच.

काळी मांजर
सिनेमे राहू द्या. १९७३ मध्ये तेलसम्राट गेटीच्या १६ वर्षांच्या नातवाला रोममध्ये पळवलं. मागणी १ कोटी ७० लाख डॉलरची. आजोबा म्हणाले, एकाचे दिले तर बाकीची १४ नातवंडंही पळवतील. पोराचा कापलेला कान टपालाने एका वर्तमानपत्राकडे आला, तेव्हा म्हातारा हलला. तोवर रक्कम बरीच उतरली होती. त्यातले करसवलतीत बसतील तेवढे, साधारण २२ लाख, त्याने दिले आणि उरलेले स्वतःच्या मुलाला, म्हणजे त्या पोराच्या बापाला, ४ टक्के व्याजाने उसने दिले. या गोष्टीतल्या कानावर कुणी हसत नाही, ४ टक्क्यांवर हसतात.

वेताळ
नेमकं हेच म्हणतोय मी. 'फार्गो' आपल्याला कानावरही हसायला लावतो.

उंबरठा
+१

चौथी भिंत
बर्फातला प्रसंग नीट बघा. ती धडपडते तेव्हा दोन गुंडांतला कार्ल खो खो हसतो. शेजारी दुसरा गुंड गेअर उभा, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. आपण कार्लबरोबर हसतो आणि गेअर निदान हसत तरी नाही असं वाटतं. पुढे तिला मारतो तो गेअर, आणि कारण काय तर ती ओरडत होती. त्या बातमीनंतर आपलंच मघाचं हसू घशात अडकतं. हा आळस नाही, लावलेला सापळा आहे. आणि शेवटी पोलीस अधिकारी मार्ज गाडीत गेअरला सुनावते, तेव्हा मेलेल्यांची उजळणी जीनपासूनच सुरू करते.

काळी मांजर
मार्जचं मान्य. पण सापळा वगैरे दुसऱ्यांदा बघणाऱ्याला दिसतो. पहिल्या खेपेला लोक हसून घरी जातात.

वेताळ
बर्फाचा प्रसंग सोडला तुम्हाला. जिन्याचा नाही.