शब्दचर्चा : पावसाचा खंड अन् आशिया खंड, शब्द एकच का?

नमस्कार, मी भूमची, बीए फर्स्ट इयरला आहे. यंदा जगाचा प्रादेशिक भूगोल हा पेपर आहे अन् पहिल्याच युनिटला अडकले, खंड आणि प्रदेश यात फरक काय तेच समजेना झालंय. त्यात घरी बाबा रोज म्हणायलेत पावसानं खंड दिलाय, सोयाबीन माना टाकायलंय, आणि इकडं मी आशिया खंड पाठ करायले. हा एकच शब्द आहे का दोन वेगळे?

—

एकच आहे ताई. खंड म्हणजे तुटलेला भाग, तुकडा. पाऊस मधेच तुटला की खंड, म्हणून पीकविम्याच्या बोलण्यात पावसाचा खंड येतो, वीजपुरवठा खंडित होतो, जाड ग्रंथाचे खंड करतात, आणि समुद्रानं वेगळी केलेली मोठी जमीन तीपण खंड. (शेत खंडानं देतात तो वापर वेगळा, तो सध्या बाजूला ठेवा.)

पण शब्दाला धरून बघितलं तर युरोप हा खंड ठरतच नाही! युरोप-आशियाच्या मधे सलग समुद्र कुठाय? उरल डोंगर, उरल नदी, कॅस्पियन, कॉकेशस, काळा समुद्र अशी माणसांनी मानलेली हद्द आहे ती. इस्तंबूल तर बॉस्फरसच्या दोन्ही काठांवर वसलंय, तिथली माणसं सकाळी बोटीत बसून एका खंडातून दुसऱ्या खंडात कामाला जातात. आणि आपण ज्याला नुसता उपखंड म्हणतो तो भारत मात्र खरोखर तुटून आलेला तुकडा आहे, गोंडवन या प्राचीन महाखंडातून सुटला, उत्तरेला सरकत सरकत साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला अन् त्या रेट्यानं हिमालय उभा राहिला. तो असा वाटेत असतानाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इथं लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली, तुमच्या बाबांचं सोयाबीन ज्यात उभंय ती. गोंडवन हे नावसुद्धा गोंडांच्या मुलखावरून पडलंय, आणि गोंड लोक आपल्या किनवट-माहूरकडं आजही आहेत. मला हे दरवर्षी शिकवताना अंगावर काटा येतो.

प्रदेश मात्र आपण आखतो, आणि कशासाठी आखायचा ते आधी ठरवावं लागतं. इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आफ्रिका खंडात आहेत, पण कोरडं हवामान, अरबी भाषा, इस्लाम हे धरून पुस्तकं त्यांना बरेचदा पश्चिम आशियासोबत घेतात.

—

सर, मधे बोलतो. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. भूगोलाला जुगराफिया म्हणायचे आणि खंडाला बर्रे-आझम, म्हणजे सगळ्यात मोठी जमीन, त्यात तुटण्याचा काही संबंधच नाही. द्वीपकल्पाला त्यांचा शब्द जजीरानुमा, बेटासारखं दिसणारं. आपल्या शब्दातला कल्पपण तसाच ना, जवळजवळ बेट? मुरूडचा जंजिरा याच जजीऱ्यातून आलाय.

—

अगदी बरोबर, मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा, तसं द्वीपकल्प. आणि इंग्रजी पेनिन्सुलाचा लॅटिनमधला अर्थही जवळजवळ बेट असाच! सामुद्रधुनी पण फोडून बघा, संस्कृतात धुनी म्हणजे नदी, दोन जमिनींमधून नदीसारखा वाहणारा समुद्र. असं फोडून वाचलं की नकाशा डोळ्यासमोर राहतो, पाठ करायची गरज पडत नाही.

—

खूप छान वाटलं वाचून. मग पेपरात मध्यपूर्व लिहू का पश्चिम आशिया?

—

पश्चिम आशिया. मध्यपूर्व हे युरोपात उभं राहून दिलेलं नाव आहे, भूममधून ते देश पश्चिमेलाच येतात.

—

शेवटचं एक. आमच्याकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला बार्शीला जातात. जिल्हा धाराशिव, विभाग मराठवाडा, आणि बार्शी तर सोलापूर जिल्ह्यात. मग आम्ही कुठल्या प्रदेशात?

—

दोन्हीत! कारभाराचा नकाशा काढला तर मराठवाडा, तो औपचारिक प्रदेश. बाजाराला कोण कुठून येतं याचा काढला तर बार्शीभोवतीचा, तो कार्यात्मक प्रदेश. पेपरात हेच उदाहरण लिहा, अन् शेजारी छोटा नकाशा काढून भूमहून बार्शीकडं बाण दाखवा.