आंदण की हुंडा की आणखी काही?

चाळकरी:
एका हेरिटेज वॉकच्या पत्रकाचं भाषांतर करतोय, त्यात 'डाउरी' आलंय. 1661 चा लग्नाचा करार, पोर्तुगालची कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, त्यात मुंबई दिली तो भाग. मी सरळ 'आंदण दिली' लिहिलं, शाळेपासून हेच ऐकलंय. वॉक नेणारी मैत्रीण म्हणते खोड ते, हुंडा लिही. तुम्ही काय लिहाल?

ताम्हण:
हुंडा अजिबात नको. हुंडा मागून घेतात, तोही बहुतेक रोख. आंदण म्हणजे आईबाप लेकीबरोबर देतात ते, भांडीकुंडी, गाय. माझ्या आजीच्या आंदणातला तांब्याचा बंब अजून आहे आमच्याकडे, त्याला हुंडा म्हटलं असतं तर ती दोन दिवस बोलली नसती. नाहीतर वरदक्षिणा लिहा, शुद्ध शब्द आहे.

खाडीकाठ:
वरदक्षिणा कोण बोलतं हो? आणि मागणं होतंच की इथे. रोकड, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि मुंबई एवढं घेतलं आणि बदल्यात पोर्तुगालला इंग्लंडची लष्करी मदत. सौदा म्हणा सरळ.

वरळीवाली:
मी कोळीवाड्यात वाढले. सगळे देणाऱ्या-घेणाऱ्याचंच बोलताय. आंदण स्वतःच्या घरातलं देतात ना? पोर्तुगीजांना हा मुलुख 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेला, आणि त्याच्याही आधीपासून इथे कोळी डोल जाळी लावत होते, भंडारी ताडी काढत होते, आगरी मीठ पिकवत होते, त्यांना कुणी विचारलं? पुस्तकात आम्हाला एक ओळ, 'मूळची कोळ्यांची वस्ती होती', की पुढच्या ओळीपासून गव्हर्नर सुरू. त्या 'होती'चा मला लहानपणापासून राग आहे. आमच्या होड्या आजही त्याच किनाऱ्याला लागतात.

शब्दवेडा:
पण पेपरात 'भूखंड बिल्डरला आंदण दिला' असं येतंच की, म्हणजे दुसऱ्याचं फुकट देऊन टाकलं ही तक्रार शब्दात आलीच. आंदणच ठेवा. (हुंडा आणि हुंडी एकाच कुळातले असावेत असं मला फार दिवस वाटतंय, कुणाला माहितीये?)

वरळीवाली:
पेपरात ती तक्रार कळते कारण भूखंड सरकारचा म्हणजे लोकांचा हे वाचणाऱ्याला माहीत असतं. पत्रक वाचणाऱ्याला मुंबई कुणाची होती ते कुठे माहितीये? त्याला फक्त राजकन्येचं लग्न दिसणार. मी 'परस्पर देऊन टाकली' लिहीन. माझ्या आईच्या तोंडी हाच शब्द असतो, घरच्यांना न विचारता कुणी काही विकलं की 'परस्पर विकलंन'.

ताम्हण:
परस्पर म्हणजे एकमेकांना. परस्पर सहकार्य, परस्पर संबंध. छापील मजकुरात असा ढिसाळ वापर नको, आणि इतिहासात आपला राग कशाला घालायचा?

खाडीकाठ:
ढिसाळ कसला, 'परस्पर निघून गेला' तुम्ही कधी बोललाच नाहीत? संस्कृतातून आला म्हणून मराठीत वेगळा अर्थ घ्यायचाच नाही का? आणि राग नाहीये तो, माहितीये, न विचारता दिली हे खरंच आहे.

चाळकरी:
मला परस्पर पटतंय, पण मग 'डाउरी' जातंच की हातातून. 'आंदण म्हणून परस्पर दिली' चालेल? शुक्रवारी छापायला जातंय.

खाडीकाठ:
पुढच्या ओळीत 1668 असेल ना, चार्ल्सने वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती? तिथे भाडं लिहिलंयस की खंड? जमिनीचा असतो तो खंड.

ताम्हण:
खंड कूळ देतं, कंपनी कूळ नव्हती. भाडंच.

वरळीवाली:
ते 10 पौंडसुद्धा लंडनला गेले, इथे नाही, तेवढं लिही.

शब्दवेडा:
हुंडीचं कुणीच सांगितलं नाही.