मेंदूचे स्कॅन मिळत नाहीत ही सबब आता पुरे

पुणेरी पिक्सेल: एमटेकची पोरं दरवर्षी तेच रडगाणं घेऊन येतात, सर कम्प्युटरला मेंदूचे स्कॅन वाचायला शिकवायचंय पण हॉस्पिटलवाले एमआरआय देत नाहीत, प्रोजेक्ट बदलू का. अरे पण हॉस्पिटलचे उंबरे झिजवायचेच कशाला? ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या साइटवर लॉगिनसुद्धा न करता डेटा उतरवता येतो, फाइली बिड्स पद्धतीने, म्हणजे नावं-फोल्डर ठरलेल्या एकाच साच्यात, लावलेल्या असतात, म्हणजे एका सेटसाठी लिहिलेला कोड दुसऱ्याला थोडीफार डागडुजी करून चालतो. ओॲसिस या दुसऱ्या खुल्या संग्रहाच्या पहिल्याच सेटमध्ये १८ ते ९६ वयाची ४१६ माणसं आहेत, ऑटिझम हवा तर अबाइड या संग्रहात ऑटिझम असलेले-नसलेले मिळून १११२ जण. आळस आहे दुसरं काय.

रेडिओताई: सर, आळस म्हणून मोकळं होणं सोपंय. पोरं तुमचं ओपनन्यूरो उघडतच नाहीत, फिगशेअर या डेटा ठेवायच्या साइटवरचा तो मेंदूच्या ट्यूमरचा सेट घेतात, त्यात चित्रं ३०६४ पण पेशंट २३३च! सगळं शफल करून ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के परीक्षेला असं पाडायचं, म्हणजे एकाच बाईच्या गाठीचा एक स्लाइस ट्रेनिंगला आणि जवळजवळ तसाच शेजारचा टेस्टला, मग ॲक्युरसी ९९ आली की पेढे.

पुणेरी पिक्सेल: ताई हा डेटाचा दोष कसा? सेटची मूळ मॅट (मॅटलॅबची) फाइल उघडली की आत पीआयडी, म्हणजे पेशंटचा नंबर, दिसतो, त्यावरून पेशंट वेगळे काढा ना.

रेडिओताई: आणि कॅगल या डेटासेटच्या साइटवर त्याचीच जेपीजी करून टाकलीये तिथे कुठला पीआयडी?

थालीपीठ: मला वेगळंच खटकतं. एवढे सेट सांगितले पण त्यात आपली माणसं किती? तुलनेसाठी आपण स्कॅन बसवतो कशावर, तर मॉन्ट्रियलच्या एमएनआय१५२ या सरासरी मेंदूच्या नमुन्यावर. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांवरून असाच सरासरी नमुना, म्हणजे ॲटलास, केला तेव्हा आपले मेंदू सरासरीने आकाराने लहान भरले (हुशारीचा संबंध नाही, लगेच सुरू होऊ नका). मग परदेशी स्कॅनवर शिकलेलं मॉडेल इथल्या आजीला मेंदू आक्रसलाय म्हणून सांगणार. इथल्या हॉस्पिटलांनीच स्कॅन खुले करायला पाहिजेत.

रेडिओताई: खुले करा, पण आधी स्कॅनमधला चेहरा पुसा. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकवाल्यांनी एमआरआयवरून चेहरे बनवून फोटोंशी जुळवून बघितले, ८४ पैकी ७० जण बरोब्बर ओळखू आले. नाव काढलं म्हणजे झालं असं आपल्याकडे अजून समजतात.

थालीपीठ: चेहरा पुसायची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात ताई, इच्छा पाहिजे.

पुणेरी पिक्सेल: बरं, ताईंचं ऐकून आज व्हायवाला विचारलंच, चित्रं राहू दे, पेशंट किती ते सांग. पोरगा म्हणतो, सर पेशंट नाहीयेत, डेटासेट आहे.