मदत हवी आहे: एक नोकरी श्टुटगार्टची, एक क्राइस्टचर्चची. बिऱ्हाड कुठे हलवावं?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. दीड महिना घरात एकच विषय चालू आहे. आता बायकोचे मुद्दे मला पाठ झालेत आणि माझे तिला, म्हणून तिसऱ्या माणसांना मध्ये घालतोय.

बायको गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचं सॉफ्टवेअर लिहिते. तिला श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे, वर्षाला ६२,००० युरो. मी स्थापत्य अभियंता, काम स्ट्रक्चरल डिझाइनचं. मला क्राइस्टचर्चहून ९८,००० न्यूझीलंड डॉलरची ऑफर आहे. दोन्ही अर्ज 'टाकून तर बघू' म्हणून टाकले होते. दोन्हीकडून होकार येईल असं कुणाला वाटलं होतं! मुलगी सहा वर्षांची. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, आमच्याजवळच राहतात. आई नाही. बहीण त्याच गावात आहे म्हणून निघायचा विचार तरी करू शकतो.

एक्सेल केलंय, अर्थातच. जर्मनीत एकच कमावता धरून करवर्ग तीन घेतला आणि पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा वजा केले, तर महिन्याला साधारण ३,६०० युरो हातात येतात. त्याच विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मूल वेगळा हप्ता न भरता बसतात, शिवाय मुलांचा सरकारी भत्ता अडीचशे युरोंच्या वर. न्यूझीलंडमध्ये कर, अपघात विम्याची पट्टी आणि किवीसेव्हर (निवृत्तीची बचत) जाऊन ५,९०० डॉलर उरतात. डॉलरला अर्धा युरो धरला, तर हे तीन हजार युरोसुद्धा भरत नाहीत. वर तिथे खाण्यापिण्यासकट सगळ्यावर १५ टक्के जीएसटी. जर्मनीत एरवी १९ टक्के असला तरी बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ आहे.

म्हणजे कागदावर जर्मनी जिंकते. पण हा हिशोब एका पगाराचा. दुसऱ्याने काय करायचं? जर्मनीत माझं काम जर्मनशिवाय अडेल. नकाशे, परवानग्या, साइटवरची भांडणं, सगळं जर्मनमध्येच. आणि न्यूझीलंडमध्ये तिच्या कामाचा उद्योगच नाही. तिथले गाड्या जोडायचे शेवटचे कारखाने १९९८ साली बंद झाले. दोघांपैकी एकाने करिअर गुंडाळायचं हे आम्हाला मान्य नाही, आणि 'ते कोणी' या प्रश्नावर जेवणं बिघडली आहेत.

तेव्हा दोन्हीकडे राहणाऱ्यांना विचारायचंय: दुसरी नोकरी प्रत्यक्षात किती दिवसांनी लागते? मुलीच्या शाळेचं कसं? आणि बाबांना आणता येतं का, निदान वर्षातले काही महिने? घरांबद्दलही सांगा. क्राइस्टचर्चला तीन बेडरूमचं घर आठवड्याला ५८० डॉलरला दाखवलंय, म्हणजे २,३२० झाले. श्टुटगार्टकडे 'तीन खोल्यांचं' १,५५० युरोंना, हीटिंग धरून.

प्रतिसाद १ (श्टुटगार्टजवळून)

आधी खोल्या मोजू. जर्मनीत तीन खोल्या म्हणजे दिवाणखाना धरून तीन, झोपायच्या दोनच. तिकडचं तीन बेडरूमचं घर म्हणजे तीन बेडरूम आणि वर लाउंज. तुमची तुलनाच एका खोलीने चुकली आहे. शिवाय 'स्वयंपाकघर आहे का' हे स्पष्ट विचारा. आम्ही ताबा घ्यायला गेलो तेव्हा किचन म्हणून भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि एक वायर एवढंच होतं. ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला होता. इथे हे सर्रास चालतं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, तेही हीटिंग वगैरे न धरता.

तुमच्या नोकरीचं. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, वहिनींना तोच मिळेल. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा असते, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. अडचण भाषेची, आणि ती तुम्ही बरोबर ओळखली आहे. बी२ पातळी गाठायला, मन लावून केलं तर, सव्वा ते दीड वर्ष धरा. त्यात इकडची बोली श्वेबिश. वर्गात शिकलेलं जर्मन बेकरीच्या काउंटरवर उपयोगी पडत नाही, पहिले सहा महिने मी बोट दाखवूनच पाव घेतला.

मुलगी सहाची म्हणजे पहिलीत बसेल, त्या वयात भाषा लवकर येते. पण इथे चौथीनंतर वाटा फुटतात, आणि आमच्या राज्यात आता गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) घालायला नुसती पालकांची इच्छा पुरत नाही. शाळेची शिफारस किंवा चाचणीचा निकाल सोबत लागतो. दहाव्या वर्षी हे ठरतं. मला ते अजून पटलेलं नाही, माझा मुलगा त्यातून नीट पार पडला तरीही.

आणि एक गोष्ट वहिनींना जरूर सांगा. जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आकसली आणि त्याचा चटका या पट्ट्याला जास्त बसला, कारण इथलं सगळं गाड्यांवर. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या माणसं कमी करताहेत. प्रोबेशन साधारण सहा महिन्यांचं असतं. त्यांची टीम कोणत्या प्रकल्पावर आहे, तो प्रकल्प किती वर्षांचा आहे, हे मुलाखत घेणाऱ्याला सरळ विचारा. इथे असं विचारलेलं कुणी मनाला लावून घेत नाही.

बाकी राहणीमान उत्तम. घरं उबदार, सुट्ट्या २८-३० दिवस, रविवारी दुकानं बंद आणि शेजाऱ्याला शांतता हवी. दाराला 'केरवोखं'ची पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. हसू नका, त्यावरून इथे इमारतीत अबोले होतात.

धागाकर्ता

खोल्यांचा घोळ मान्य, एक्सेल दुरुस्त केलं. जिना झाडायला माझी हरकत नाही, निदान काहीतरी काम असेल मला.

प्रतिसाद २ (क्राइस्टचर्चहून)

आता दुसरी दुरुस्ती. भाडं आठवड्याचं आहे, त्याला चारने गुणू नका. वर्षाचे आठवडे ५२. ५८० गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे २,५१३ डॉलर. महिन्याला जवळपास दोनशेचा फरक, आणि नवा आलेला प्रत्येक जण इथेच फसतो. मीही फसलो होतो. बॉण्ड, म्हणजे अनामत, जास्तीत जास्त चार आठवड्यांचा. तो मालकाच्या खिशात न जाता सरकारकडे जमा राहतो.

घरं थंड. जर्मनीवाले उबदार म्हणतात ते ऐकून जळफळाट होतो. इथली जुनी घरं लाकडी, काच एकेरी, सकाळी खिडकीच्या आतून पाणी ओघळतं. आता कायदा कडक झालाय: १ जुलै २०२५पासून भाड्याच्या प्रत्येक खाजगी घरात इन्सुलेशन हवं आणि मुख्य खोली १८ अंशांपर्यंत तापवणारा हीटर हवा. मुख्य खोली, लक्षात घ्या. बेडरूमचं तुमचं तुम्ही बघा. घर उत्तराभिमुख घ्या. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, हे अभियंत्याला सांगायला नको, पण मी पहिलं घर दक्षिणेचं घेऊन बसलो होतो.

तुमच्यासाठी खरी बातमी ही: स्थापत्य आणि स्ट्रक्चरल अभियंते ग्रीन लिस्टच्या, म्हणजे देशाला हव्या असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीच्या, पहिल्या गटात आहेत. पदवीची अट पुरी होत असेल, तर कामाच्या व्हिसावर वर्षं न काढता थेट रेसिडन्सचा (कायम राहायच्या परवान्याचा) अर्ज करता येतो, बायको-मुलीसकट. मग वहिनी कुठेही नोकरी करू शकतात, आणि तुमची नोकरी गेली तरी तिच्यापायी परवाना जात नाही. मात्र पदवी कधीची ते बघा. भारत वॉशिंग्टन करारात (अभियांत्रिकी पदव्या एकमेकांच्या देशांत मान्य करायचा करार) २०१४ साली आला, त्याआधीच्या पदव्यांना त्याचा फायदा नाही. त्या वेगळ्या तपासून घ्याव्या लागतात. त्या तपासणीचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

गाड्यांचा उद्योग नाही, खरं आहे. पण एम्बेडेड सॉफ्टवेअर गाडीतच चालतं असं थोडंच आहे? शेतीची यंत्रं, दूध काढायची यंत्रणा, वैद्यकीय उपकरणं, दळणवळणाची साधनं, हे काम या शहरात आहे. जागा मोजक्या, म्हणून सहा महिने हाती धरा. आणि २०२४मध्ये इथेही मंदी होती, बरेच लोक ऑस्ट्रेलियाला गेले. पगार कमी वाटतो तो वाटत नाही, आहेच.

तुमच्या कामाबद्दल मात्र हेवा वाटतो. २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली, शहराचा मध्य जवळजवळ नव्याने उभा राहिला, पूर्वेकडची सुमारे आठ हजार घरं कायमची हटवली. तिथे आता गवत आहे आणि कुणाच्या तरी परसातली फळझाडं तशीच उभी आहेत. स्ट्रक्चरलवाल्याला याहून मोठी शाळा मिळणार नाही.

मुलीची शाळा इंग्रजीतच, वर्षात कधीही घेतात, फक्त घर त्या शाळेच्या हद्दीत हवं. तिथे माओरी गाणी शिकेल आणि घरी येऊन तुम्हाला 'किया ओरा' करेल.

प्रतिसाद ३

वडिलांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई जर्मनीत आणि आई न्यूझीलंडमध्ये अशी आमची दोन्हीकडची धावपळ झाली आहे.

जर्मनीत पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस. १ मार्च २०२४नंतर पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना कायमचं आणायची सोय झाली आहे, आणि जोडीदारही तिथे असेल तर सासू-सासऱ्यांनाही. तुमच्या घरात दोन्ही लागू पडतं. वाचायला फार छान. अडतं आरोग्य विम्यापाशी. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला पूर्ण विमा द्यायला कुणी पुढे येत नाही, आणि विमा नाही तर परवाना नाही.

न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५मध्ये पॅरंट बूस्ट नावाचा व्हिजिटर व्हिसा सुरू केला, पाच वर्षांपर्यंतचा. मुलगा किंवा मुलगी तिथे रेसिडंट हवी, उत्पन्नाची अट आहे, आरोग्य तपासणी आणि विमा दोन्ही लागतात. म्हणजे मधुमेहाचा प्रश्न इथेही सुटत नाही, फक्त दार थोडं रुंद आहे. एक गोष्ट मला फार नंतर कळली: तिथे पाहुणा माणूस पाय घसरून पडला, तरी त्याचे उपचार अपघात योजनेतून होतात, १९७४पासूनची पद्धत आहे. माझ्या आईचं मनगट मोडलं तेव्हा अनुभव घेतला. पण आजारपण त्यात येत नाही, ते विम्यावरच.

फोनचं गणितही मांडा. भारतात रात्रीचे आठ वाजले की जर्मनीत दुपारचे साडेतीन किंवा साडेचार. न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र उलटून अडीच किंवा साडेतीन. रात्री जेवण झाल्यावर फोन करायची सवय असलेल्या माणसाला हा फरक पगारापेक्षा जास्त जाणवतो. फ्रँकफर्टहून मुंबई एका विमानात होते; क्राइस्टचर्चहून मध्ये उतरून, एक दिवस त्यातच.

ता. क. डबे भरताना: युरोपात तूप, पेढे, दुधाचं काही चालत नाही. न्यूझीलंडला खाण्याचं जे न्याल ते फॉर्मवर लिहा. लपवलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. लिहिलं तर फार तर काढून घेतात.

प्रतिसाद ४

एवढं काय? दोन वर्षं दोघांनी आपापल्या नोकऱ्या करा, मग जिथे जमेल तिथे एकत्र या.

धागाकर्ता

प्रतिसाद ४: मुलगी कुणाकडे, तेही सांगा म्हणजे पूर्ण योजना होईल.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. माझी पदवी २००९ची आहे, म्हणजे वॉशिंग्टन कराराच्या बाहेर. हा मुद्दा माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हता आणि आता सगळं त्याच्यावर येऊन थांबलंय. काल रात्री बसून ठरवलं: पदवी तपासणीचा अर्ज याच आठवड्यात करायचा. पत्र अनुकूल आलं, तर क्राइस्टचर्च, आणि बायको तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत आत्तापासून अर्ज टाकणार. नाही आलं, तर श्टुटगार्ट, आणि मी जर्मनच्या वर्गात. तिने जर्मनीवाल्यांकडे रुजू व्हायला दोन महिने जास्त मागितले आहेत, प्रकल्पाचा प्रश्नही विचारलाय. उत्तर आलेलं नाही.

बाबांना फोनच्या वेळांचं वाचून दाखवलं. म्हणाले, "अडीच वाजता मी तसाही जागाच असतो." ती वेळ तुमची नव्हे, आमची असं समजावलं, तर म्हणाले, मग सकाळी सातला करत जा, तेव्हा तुमचं दीड-अडीच असेल, जेवायची सुट्टी. हिशोब बरोबर आहे त्यांचा.

२०१४आधीच्या भारतीय पदवीची तपासणी ज्यांनी अलीकडे करून घेतली, त्यांनी कृपया लिहा: सेमिस्टरनिहाय अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागितला का? विद्यापीठाने जुना अभ्यासक्रम शोधून द्यायला किती दिवस लावले?