रीपरमध्ये एक ट्रॅक कापला की बाकीचे का विस्कटतात?

प्रश्न

नमस्कार. आमच्या भजनी मंडळाचे काही अभंग मी चार माइक लावून ध्वनिमुद्रित केले आहेत. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज आणि टाळकऱ्यांचा कोरस असे चार ट्रॅक आहेत. आजवर मी ऑडॅसिटीमध्ये एकट्याच्या कथनाची काटछाट करत आलो. हे काम मोठे म्हणून यंदा रीपर हे अनेक ट्रॅकच्या ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर घेतले आणि पहिल्याच अभंगात अडकलो.

दुसऱ्या चरणानंतर धृपद घोळवत असताना एक टाळकरी जोरात खोकला. ते एक आवर्तनच काढून टाकावे, म्हणून बुवांच्या ट्रॅकवर क्लिक करून दोन ठिकाणी ‘एस’ ही कापण्याची कळ दाबली आणि मधला तुकडा उडवला. तर तिथे नुसती पोकळी राहिली आणि उरलेल्या तीन ट्रॅकमधून खोकला तसाच ऐकू येतो. पुढचा भाग ओढून जोडायला गेलो, तर तो हव्या जागी न थांबता कधी अलीकडे, कधी पलीकडे उडी मारतो आणि गाणे पखवाजाला सोडून जाते. शिवाय उडवलेला तुकडा मूळ फायलीतून कायमचा गेला का, ही धास्ती आहेच.

प्रतिसाद १

शेवटची धास्ती आधी दूर करतो. रीपरमध्ये ट्रॅकवर दिसणारा तुकडा म्हणजे मूळ फायलीवर उघडलेली खिडकी असते. कापणे म्हणजे खिडकी लहान करणे. तुकड्याची कड धरून बाहेर ओढली की कापलेला आवाज परत येतो. फाइल डिस्कवर जशीच्या तशी असते.

आता उडी. नवा प्रकल्प मिनिटाला १२० ठोके धरून उघडतो, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, आणि पडद्यावर त्या ठोक्यांच्या उभ्या रेषांची जाळी असते. चुंबकाचे बटण (स्नॅप) चालू असेल तर तुकडा त्या जाळीला जाऊन चिकटतो. आपल्या पखवाजीने ती जाळी पाहून वाजवलेले नाही. समजा मिनिटाला ९६ मात्रांची लय असेल, तर एक मात्रा ०.६२५ सेकंदांची होते, भजनी ठेक्याचे आठ मात्रांचे आवर्तन ५ सेकंदांचे होते, आणि मंडळी रंगात आली की लय चढते ती वेगळीच. तेव्हा चुंबक सरळ बंद करावे.

एकच ट्रॅक कापला गेला, कारण आपण त्यावर क्लिक करून तो निवडला होता. काहीच निवडलेले नसेल तर ‘एस’ कर्सरखालचे सगळे ट्रॅक कापतो. म्हणून रिकाम्या जागी क्लिक करून निवड काढावी, मग वरच्या वेळपट्टीवर क्लिक करून कर्सर हव्या जागी आणावा. दोन्ही काप झाले की रिपल एडिटिंग (तुकडा काढला की पुढचे आपोआप सरकवणारी सोय) ‘सर्व ट्रॅक’ या स्थितीत ठेवून मधले चारही तुकडे एकदम निवडून पुसावेत; पुढचे सगळे एकत्र मागे सरकते आणि पोकळी राहत नाही. काम झाल्यावर रिपल आठवणीने बंद करावे. मी एकदा विसरलो आणि एक लहानसा तुकडा हलवताना पुढचा अख्खा अभंग सरकवून बसलो.

प्रतिसाद २

वरील सर्व बरोबर आहे, पण काप कुठे घ्यावा हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. समेवरच कापू नये. समेच्या थापेच्या किंचित आधी, थाप सुरू होण्यापूर्वीच्या क्षणी कापावे, आणि दुसरा काप पुढच्या आवर्तनात नेमक्या त्याच जागी घ्यावा. खरा त्रास टाळांचा असतो. त्यांची आस, म्हणजे आघातानंतर घुमत राहणारा नाद, चारही माइकमध्ये पसरलेली असते आणि ती मध्येच तुटली की सांधा लगेच कानाला लागतो. समेवर टाळही पडत असेल तर नवा आघात त्या तुटलेल्या आसेला झाकून टाकतो, म्हणून अशीच सम निवडावी. नंतर उजवीकडच्या तुकड्यांची डावी कड थोडी मागे ओढून दोन्ही बाजू एकमेकींवर चढवाव्यात, म्हणजे क्रॉसफेड होतो: एक बाजू विरत असताना दुसरी चढत जाते. पखवाजाला ५ ते १० मिलिसेकंद पुरतात. जास्त ठेवल्यास थाप बोथट होते.

प्रतिसाद ३

एक सावधगिरीची सूचना. लाटांची चित्रे जवळून पाहिली की पखवाजाची थाप बुवांच्या माइकमध्ये थोडी उशिरा दिसेल आणि ट्रॅक सरकवून ती जुळवण्याचा मोह होईल. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून पखवाज दोन मीटरवर असेल तर ६ मिलिसेकंदांचा फरक स्वाभाविक आहे. तो सरकवून पखवाज जुळेल, पण बुवांचा जो आवाज पखवाजाच्या माइकमध्ये शिरला आहे, तो मूळ आवाजापासून आणखी दूर जाईल. चारही ट्रॅक आहेत तिथेच राहू द्यावेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. चुंबक बंद केले आणि चारही ट्रॅक एकत्र कापले. आता खोकला गेला आहे आणि ठेकाही तुटत नाही. पेटीचा सांधा मात्र कानाला खटकत होता, कारण काढलेल्या आवर्तनात भात्याचा जोर वाढला होता आणि दोन बाजूंचा सूर सारख्या ताकदीचा नव्हता. पेटीपुरता क्रॉसफेड ४० मिलिसेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा तो बसला. आता एकच अडचण उरली आहे: प्रकल्पाची फाइल पेन ड्राइव्हवरून बुवांच्या मुलाच्या संगणकावर उघडली, तर चारही ट्रॅक ‘ऑफलाइन’ दिसतात.

प्रतिसाद १

प्रकल्पाच्या फाइलमध्ये आवाज नसतो, आवाजाच्या फायलींचा पत्ता असतो. ‘सेव्ह ॲज’ करताना सर्व मीडिया प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याच्या पर्यायावर खूण करावी आणि पेन ड्राइव्हवर तो सबंध फोल्डर न्यावा.