कायम शून्य असणारे रजिस्टर : सोय की अपव्यय?

रत्नागिरी (धागालेखक) :
प्रोसेसरमधील एक रजिस्टर (मूल्य हाताशी ठेवायची छोटी जागा) कायमचे शून्याला बांधलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. गेल्या आठवड्यात वर्गात रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेची ॲडआय (रजिस्टरातल्या मूल्यात स्थिरांक मिळवणारी) ही एकच सूचना फळ्यावर लिहिली. मूळ रजिस्टर म्हणून एक्स० (तिथले कायम शून्य असणारे रजिस्टर) घेतले की ती लहान स्थिरांक भरते, स्थिरांक शून्य ठेवला की एका रजिस्टरातले मूल्य दुसऱ्यात उतरवते आणि सगळीकडेच शून्य ठेवले की काहीही न करणारी नॉप होते. तीन कामांसाठी तीन वेगळ्या सूचना रचाव्या लागल्या नाहीत. मिप्स, स्पार्क आणि अल्फा या प्रोसेसर-रचनांनीही हीच वाट धरली होती.

मालवण :
सर, ३२ रजिस्टरे असताना हे परवडते. मासळीच्या बर्फपेटीचे तापमान नोंदवण्यासाठी मी वापरतो ती चिप रिस्क-फाइव्हच्या आरव्ही३२ई या छोट्या प्रकारची आहे, म्हणजे रजिस्टरे १६च. शून्य, परतीचा पत्ता आणि तीन पॉइंटर (मेमरीतले पत्ते ठेवणारी रजिस्टरे) वगळले की ११ उरतात. एक्स८६मध्ये (इंटेलच्या पीसी प्रोसेसरांच्या रचनेत) असे रजिस्टर नाही, म्हणून काही अडले का? रजिस्टराचा त्याच्याशीच एक्सॉर (दोन बिट सारखे असतील तिथे ० देणारी क्रिया) केला की दोन बाइटांत शून्य मिळते.

रत्नागिरी :
मिळते, पण त्या एक्सॉरने फ्लॅग (आधीच्या निकालाच्या खुणा) बदलतात. तुलना आणि तिच्यावर अवलंबून असलेली उडी यांच्यामध्ये शून्य हवे असेल, तर कंपायलरला (प्रोग्रॅमचे प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाला) पाच बाइटांची, थेट मूल्य भरणारी मूव्ह सूचना वापरावी लागते. शिवाय रिस्क-फाइव्हमध्ये एक्स० नसते, तर मेमरीत शून्य लिहिताना आपल्याला त्या ११मधलेच एखादे अडकवावे लागले असते.

देवगड :
मला मधला मार्ग पटतो. ६४-बिट आर्म प्रोसेसरांमध्ये ३१ हा रजिस्टर-क्रमांक काही सूचनांत शून्य असतो, तर काहींत स्टॅक पॉइंटर (मेमरीतल्या स्टॅकचा पत्ता). १९६४च्या आयबीएम सिस्टिम/३६० संगणकातही मेमरीचा पत्ता काढताना बेसच्या (मूळ पत्ता देणाऱ्या रजिस्टराच्या) जागी ० लिहिले की शून्य धरले जाई, एरवी रजिस्टर ० मध्ये नेहमीसारखी माहिती ठेवता येई. एकाच क्रमांकाचे दोन अर्थ नवशिक्याला गोंधळात टाकतात, हे मान्य. पण क्रमांक वाया जात नाही.

मालवण :
मेमरीत शून्य लिहिण्याचा मुद्दा मला मान्य आहे सर, माझ्या कोडमध्ये तशा ओळी बऱ्याच आहेत. तरी एक तक्रार राहतेच. बेरजेचा निकाल ठेवायच्या जागी मी चुकून एक्स० लिहिले, असेंब्लरने (लिहिलेल्या सूचना यंत्रभाषेत बदलणाऱ्या साधनाने) हरकत घेतली नाही आणि उत्तर मुकाट्याने नाहीसे झाले. ती ओळ सापडायला पूर्ण दिवस गेला. निदान साध्या बेरजेत तरी असेंब्लरने तिथे इशारा द्यायला हवा.