आंबट बिअरचा पहिला घोट : आपले अनुभव सांगा

पाऊलवाट :
काल एका मित्राने हेदर नावाच्या रानझुडपाची फुले घालून आंबवलेली बिअर समोर ठेवली आणि ग्लास नाकाजवळ नेताच बारा वर्षांपूर्वीची फजिती आठवली, म्हणून हा धागा. आंबट बिअर नावाचा प्रकार असतो, हेच तेव्हा मला ठाऊक नव्हते. पहिल्या घोटाला जबड्याच्या दोन्ही बाजूंना कळ गेली आणि बाटली नासली आहे असे समजून मी ती सरळ मोरीत ओतली. काल मात्र घाई केली नाही. थंडगार असताना नुसता आंबटपणाच जाणवत होता; ग्लास तळव्यात धरून वीसेक मिनिटे गप्पा मारल्यावर फुलांचा, मधाच्या जवळ जाणारा मंद वास वर आला आणि शेवटच्या दोन घोटांत तोच उरला. वनस्पती अशी उशिरा भेटते, की हा माझा भ्रम?

गुळवेल :
भ्रम नव्हे. गार पेयातून सुगंधी द्रव्ये फारशी उडत नाहीत, आंबट मात्र जिभेला तत्क्षणी कळते. मी घरी हा उद्योग करतो. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या काढ्यात लॅक्टोबॅसिलस हा आंबवणारा जिवाणू सोडून काढा दीड-दोन दिवस उबेत ठेवायचा, पीएच (आंबटपणाचे माप; जितके कमी तितके आंबट) ३.३ च्या आसपास आला की उकळून जिवाणू मारायचे आणि गार झाल्यावर यीस्ट घालायचे. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले जवळजवळ नाहीतच, कारण त्यांतील कडू आम्ले या जिवाणूला वाढू देत नाहीत. कडवटपणा नसला की फुलापानांना जागा मोकळी मिळते, आणि माझी चूक तिथेच झाली. लॅव्हेंडर सढळ हाताने घातले. एका पाहुण्याने अत्यंत नम्रपणे विचारले, "हे प्यायचे आहे, की याने हात धुवायचे आहेत?"

मिश्किल :
गुळवेल, पाहुणे पुन्हा आले का, तेवढेच सांगा.

गुळवेल :
आले. स्वतःची बाटली घेऊन आले.

रंगपेटी :
माझा अनुभव चवीपेक्षा रंगाचा आहे. लाल अंबाडीची बोंडे घातलेली बिअर माणकासारखी दिसत होती. ग्लास विसळताना तळाचा थेंबभर ऐवज सोड्याने घासलेल्या, अजून ओल्या असलेल्या सिंकमध्ये सांडला आणि कडेने निळसर-हिरवा झाला. त्या रंगद्रव्याला तांबडे राहण्यासाठी आम्लच लागते, हे मला त्या दिवशी मोरीने शिकवले. चव तुरट होती. एक ग्लास पुरे.

शंकेखोर :
पाऊलवाट यांची बाटली खरोखरच नासलेली असेल तर? ओळखायचे कसे?

जुनी बरणी :
शंकेखोर, ओकारीसारखा वास आला तर खुशाल ओता. तो ब्युटिरिक आम्लाचा. घोड्याच्या खोगिरासारखा वास आला तर मात्र थांबा. ते ब्रेटॅनोमायसिस नावाचे यीस्ट असते, आणि बेल्जियमच्या लॅम्बिक या आंबट बिअरमध्ये ते हवेच असते. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतील क्लाउसन यांनी १९०४ मध्ये ते इंग्लिश बिअरसंदर्भात प्रसिद्ध केले, म्हणून नावातच 'ब्रिटिश बुरशी' आहे. मला स्वतःला तो वास आवडायला तीन वर्षे लागली, आणि घरच्यांना अजून आवडलेला नाही.

दूरदेशी :
बर्लिनमध्ये बर्लिनर वाइसे ही तिथली आंबट बिअर मागवली, तर वाढणाऱ्या बाईंनी एवढेच विचारले, "लाल की हिरवी?" काही न कळता हिरवी म्हटले. वुडरफ नावाच्या रानपाल्याचे सरबत घातलेला तो ग्लास पाहून मी चकित झालो, पण वास सुकत घातलेल्या गवताचा, ओळखीचा. हा पाला ताजा असताना फारसा घमघमत नाही, कोमेजल्यावर त्यातील कुमारिन या सुगंधी द्रव्याचा वास सुटतो. लाल म्हणजे रासबेरीची, हे शेजारच्या टेबलावर पाहिले. लाइपझिगच्या गोझे या आंबट बिअरमध्ये धने आणि मीठ असते, तीही त्याच प्रवासात प्यालो. मीठ शोधावे लागले, धने लगेच सापडले.

मी न पिणारा :
मी पीत नाही, पण सोड्याचा प्रयोग आताच अंबाडीच्या काढ्यावर केला. झाला हिरवा!

पाऊलवाट :
जुनी बरणी, खोगिराचाच वास होता हो. उगाच बाटली ओतली मी.